कासारणीचा दगड

नदीकाठच्या जुन्या धर्मशाळेचं छप्पर पावसाळ्याआधी दुरुस्त व्हायलाच हवं होतं. वर्गणीसाठी वणवण करून थकलेल्या रेवतीला शेवटी कारखान्याचे चेअरमन भाऊसाहेब भेटले. अट एकच: दारावरचा दगड काढून तिथे त्यांच्या नावाची पाटी लावायची. दगडावर धर्मशाळा बांधणाऱ्या यमुना कासारणीचं नाव होतं. रेवतीने मान डोलावली.

पाथरवट सटवाप्पांनी छिन्नी उचलली. "काढतो, भाऊसाहेब. पण तुमची पाटी चुन्यात नको, स्क्रूवर बसवतो."

"का रे?"

"पुढच्या देणगीदाराला काढायला सोपी जाईल."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "राहू दे तो दगड. छप्पर घाला," म्हणत त्यांनी चेक पुढे केला.

रेवतीचा हात उचलेना. त्यांनी निदान मागितलं तरी होतं; तिने तर स्वतःचं नसलेलं मुकाट्याने देऊन टाकलं होतं.