चोखणीचा गूळ

खूप जुनी गोष्ट आहे. एका नदीकाठी उसाचं गाव होतं. ते गाव आज शोधून सापडायचं नाही, पण तिथल्यासारखी माणसं अजून जागोजागी सापडतात, म्हणून सांगते.

गावात एकच गुऱ्हाळ होतं, पाटलाचं. काहिलीत रस उकळायला लागला की बायकांना तिथून हलता येत नसे. मग रडणाऱ्या लेकरांचं काय करायचं? फडक्यात गुळाचा खडा बांधायचा आणि ती चोखणी तोंडात द्यायची. लेकरू दिवसभर चोखत पडायचं, गप्प. केवढी सोय झाली, असं सगळे म्हणत.

लेकरांचे दात काळे पडले, मग किडले. पाटलाची सून म्हाळसा हिनं आपल्या लेकीचं, सगुणेचं तोंड उघडून पाहिलं आणि ती तडक सासऱ्यापुढे उभी राहिली.

"मामंजी, या चोखण्या बंद करा. लेकरं सांभाळायला एक बाई ठेवा. ती त्यांना खेळवील, संध्याकाळी ओल्या फडक्यानं दात पुसून देईल."

"आणि तिची मजुरी?" पाटील म्हणाला. "अगं, दुधाचे दात ते. पडायच्या दातांवर कुणी पैसा घालवतं का?"

गुऱ्हाळावर जमलेली माणसं हसली. हे सांगताना अजून माझ्या अंगाची लाही होते. पडायचे दात म्हणे! ते पडेपर्यंत लेकरानं जेवायचं कशानं, हे त्यातल्या एकालाही सुचलं नाही.

ऐन हंगामात सगुणेचा गाल सुजला. डोळा मिटला, ताप चढला, पेजेचा घोटही गिळवेना. पाटलाची पाचावर धारण बसली. त्यानं गाडी जुंपली, माणसं बरोबर घेतली आणि नातीला नदीपलीकडच्या नगरात वैद्याकडे नेलं. इकडे काहिलीतला रस करपला, ऊस फडातच वाळला.

वैद्यानं पोरीला चौघांकडून धरून ठेवलं आणि किडलेले दात उपटले. तिचं किंचाळणं रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. पोर वाचली. वैद्याचं देणं फेडायला पाटलानं बैलजोडी विकली. म्हाळसानं मागितलेल्या बाईच्या वर्षभराच्या मजुरीत एका बैलाचं शेपूटसुद्धा आलं नसतं.

पुढचा हंगाम आला. पहिला गूळ घरातल्या सर्वांत धाकट्या लेकराच्या जिभेवर ठेवायचा, मग बाकीच्यांनी खायचा, अशी तिथली रीत. सगळा गाव जमला. पाटलानं ताज्या गुळाचं बोट सगुणेपुढे धरलं.

सगुणेनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. "नको आजोबा, दुखतं."

"आता नाही दुखायचं, बाळा."

पोर आईच्या पदरात शिरली. गुळाला कुणीच हात लावेना.

"मजुरी वाचवलीत ना, मामंजी?" म्हाळसा सगळ्यांदेखत म्हणाली. "बघा, कुणाच्या तोंडातून काढलीत ती."

पाटलानं बोट पुसलं आणि गावातल्या सगळ्या चोखण्या गोळा करून काहिलीखालच्या जाळात टाकल्या. त्याच दिवशी लेकरांसाठी बाई ठेवली. नंतर जन्मलेल्या पोरांचे दात शाबूत राहिले.

सगुणेला पुढे नवे दात आले, चांगले आले. तरी हसताना ती तोंडावर हात धरायची, ते अगदी म्हातारी होईपर्यंत.

बोध एवढाच: लेकराच्या काळजीत जो काटकसर करतो, तो पुढे कितीतरी जास्त मोजतो, आणि दुखणं मात्र लेकरू सोसतं.