ढेकूळ की खडा

एका गावात कौतिकाबाई नावाची एक कुंभारीण होती. माती मळावी ती तिनेच. चिखलातला तिळाएवढा खडासुद्धा तिच्या तळहाताला कळायचा. भट्टीत तोच खडा मडकं फोडतो, म्हणून ती तो वेचून फेकायची. मातीचं ढेकूळ लागलं, तर मात्र खुशाल राहू द्यायची. पाण्यात मुरलं की ते आपोआप विरघळतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

एकदा अंघोळ करताना तिच्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. हेही ढेकूळच, जाईल विरघळून, असं म्हणून ती कामाला लागली. लाजेपायी कुणाला सांगितलंही नाही. चार महिने गेले, गाठ होती तिथेच. मातीतलं सगळं कळणाऱ्या बाईला स्वतःचं एवढंही कळू नये, याला काय म्हणावं.

संक्रांत तोंडावर आली आणि सुगडांची घाई सुरू झाली. माती मळता मळता सुनेजवळ, जिजाजवळ, तिच्या तोंडून गाठीची गोष्ट निघून गेली. जिजाचे हात थांबले. कौतिकाबाईची सख्खी बहीण अशाच गाठीने गेली होती.

"आत्या, उद्या तालुक्याच्या दवाखान्यात जायचं," जिजा म्हणाली.

"सुगडांचा हंगाम सोडून? दुखत तर न्हाई. जाईल विरघळून."

"ढेकूळ विरघळतं, आत्या. खडा कधी विरघळलाय का?"

कौतिकाबाई चिडली, रुसली, जेवली नाही. जिजा बधली नाही. तिने मळलेल्या मातीवर ओलं गोणपाट टाकलं आणि सकाळी सासूला एसटीत बसवलं.

तपासणीत गाठ कर्करोगाचीच निघाली. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेत आलात. आजार अजून पसरलेला नाही." ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले. त्या वर्षी त्या घरात एकही सुगड घडलं नाही.

पुढच्या संक्रांतीला कौतिकाबाई पुन्हा अंगणात सुगडं मांडून बसली. येईल त्या बाईला ती सांगायची, "आपल्या छातीला आपला हात लावून बघत जा. काही वेगळं लागलं तर लाजू नका. घरात कुणाला हा आजार झाला असंल, तर डॉक्टरला आधीच सांगा."

मग साऱ्या बायांदेखत ती उठली आणि जिजाच्या पायाशी वाकली. जिजा गडबडून मागे सरली. "आत्या, असं काय करता?"

"करू दे पोरी. सासूचं न ऐकणारी सून मिळाली, म्हणून ही संक्रांत मला दिसली."

तात्पर्य: दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नये. ती वेळेवर दाखवावी, आणि दाखवायला लावणाऱ्या माणसाचे उपकार जन्मभर मानावेत.