वीराचे घराणे

एकदा एका गावाच्या वेशीत एक शिळा होती, आणि ती दरवर्षी थोडी जाड होत असे. दगड वाढत नाही हे शाळकरी पोरालाही कळते. वाढत होता तो शेंदूर. शिळेला सगळे वीरबाबा म्हणत. बैलपोळ्याला वरची आळी तिला शेंदूर लावी आणि दसऱ्याला खालची आळी. वरच्यांनी शेरभर शेंदूर आणला की खालचे सव्वा शेर आणत. या चढाओढीत तीन-चार पिढ्या गेल्या आणि मुळात फळीसारखी असलेली ती शिळा रांजणासारखी गोल झाली. वीरबाबा आमच्याच घराण्यातला, असे दोन्ही आळ्या छातीठोकपणे सांगत. फक्त तो नेमका कोण होता आणि कशापायी वीर झाला, एवढे विचारले की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी घसा खाकरून पीकपाण्यावर बोलू लागत.

या गावच्या वरच्या आळीतला इंद्रजीत हा एका वृद्ध अभ्यासकांचा शिष्य होता. गुरुजींनी उभी हयात राज्यभरच्या जुन्या शिळा आणि लेख वाचण्यात घालवली होती. रणात पडलेल्या वीरांची स्मारके, म्हणजे वीरगळ, हा त्यांचा विशेष जिव्हाळ्याचा विषय. तीन वर्षे त्यांच्यामागे रानोमाळ हिंडून इंद्रजीतला साठ-सत्तर गावांच्या वीरगळांची मापे तोंडपाठ झाली होती.

अशात देशाच्या स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होण्याचा दिवस जवळ आला. राज्याचा इतिहास आणि संस्कृती यांना उजाळा देऊन तो साजरा करावा असे ठरले, आणि गावोगाव पत्रक पोहोचले. प्रत्येक गावाने आपली एक ऐतिहासिक खूण निवडावी, तिच्यापाशी दगडी फलक लावावा आणि तिथेच झेंडावंदन करावे. पत्रकासोबत फलकाच्या मजकुरासाठी एक तक्ता होता. त्यात तीन रकाने होते: वीराचे नाव, घराणे, कार्य. सरपंच तुळसाबाईंनी तो तक्ता इंद्रजीतच्या हाती दिला. "तू शिकलेला आहेस, नीट भर," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मोकळ्या झाल्या.

इंद्रजीत मात्र अडकला. त्याचे वडील लहानपणीच गेले होते; चुलते सर्जेराव यांनी त्याला पोटच्या पोरासारखे वाढवले होते. ते संध्याकाळी त्याच्याजवळ येऊन बसले.

"घराण्याच्या रकान्यात आपलं आडनाव घाल," ते म्हणाले. "लई इचार करू नगंस. दगडावर एकदा कोरलं की कोरलं."

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीचे रखमाजी वाटेत भेटले. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून त्यांचे बोलणे जास्त लागले. "तुमच्या आळीचं नाव लावणार असशील तर लाव बाबा. आमी काय भांडाय येत न्हाई. आमी आमच्या पारावर आमचा झेंडा लावू."

एका गावात त्या दिवशी दोन झेंडे उभे राहणार, आणि तेही एकमेकांकडे पाठ करून. इंद्रजीतला अन्न गोड लागेना. शेवटी तो गुरुजींकडे गेला आणि त्याने सगळे सांगितले.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "पलीकडच्या खोऱ्यातल्या त्या मोठ्या वीरगळावर चित्रांचे किती खण कोरले आहेत?"

"चार," इंद्रजीतने तत्काळ सांगितले.

"आणि तुझ्या गावच्या शिळेवर?"

परक्या गावांच्या दगडांवर इंद्रजीतने रात्रंदिवस डोळे शिणवले होते, आणि घरच्या शिळेला आजवर नुसता नमस्कार केला होता. त्या शेंदराखाली काही कोरलेले असेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते. त्याला स्वतःची लाज वाटली.

"सगळ्यांना सांग, मी येतो आहे," गुरुजी म्हणाले. "घराण्याचा निवाडा तिथेच करू."

ही बातमी कळताच दोन्ही आळ्या खूश झाल्या, कारण निवाडा आपल्याच बाजूने होणार याविषयी दोघांनाही शंका नव्हती. झेंडावंदनाला चार दिवस उरले असताना गुरुजी आले. वेशीत गाव जमले होते. डावीकडे वरची आळी, उजवीकडे खालची, आणि मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. गुरुजींनी शिळेला हात जोडले आणि तुळसाबाईंकडे कोमट तेल आणि एक नवी परात मागितली. म्हातारा आता स्वतः शेंदूर कालवून चढवणार, असे समजून लोकांनी माना डोलावल्या. पोरांनी हलगी जवळ घेतली.

गुरुजींनी तेल शिळेवर मुरू दिले. मग पिशवीतून बांबूची एक चपटी पट्टी काढली, शेंदराच्या कडेखाली हलकेच सरकवली आणि खरवडायला सुरुवात केली.

तळहाताएवढी खपली सुटून परातीत पडली. एकच गलका उठला. सर्जेरावांनी पुढे होऊन गुरुजींचे मनगट धरले.

"काय करताय हे? देव हाय त्यो आमचा."

"देवाला मी हात लावलेला नाही," गुरुजी म्हणाले. "मी तुमच्या हौसेला हात लावतो आहे. तिच्याखाली तो केव्हाचा गुदमरला आहे. कणभरही जमिनीवर पडू देणार नाही. सगळे परातीत जमा करून वाहत्या पाण्यात सोडू. तरी तुमचे मन धजत नसेल, तर मी थांबतो. मग घराण्याचा रकाना तुमचा तुम्ही भरा."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. आता सगळे इंद्रजीतकडे पाहू लागले. गुरू याचा, चुलता याचा, तक्ताही याच्याच हातात. काकांच्या शब्दाबाहेर तो आजवर कधी गेला नव्हता, आणि आज गेला तर घरात तोंड कसे दाखवावे हेही त्याला समजत नव्हते. पण पारावरचा तो दुसरा झेंडा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

तो काकांपाशी गेला. "काका, तुम्ही मला वाढवलंत. तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही. पण वीरबाबा कोण हे आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याच्यावरनं आपण गाव फोडायला निघालोय. एकदा बघू तरी द्या."

सर्जेरावांनी गुरुजींचे मनगट सोडले. इंद्रजीतने पट्टी उचलली.

काम सोपे नव्हते. वरचा थर तेलाने सुटला, पण आतला दगडासारखा घट्ट झाला होता. दसऱ्याचा थर निघाला की खाली पोळ्याचा, तो निघाला की पुन्हा दसऱ्याचा. कोणता थर कोणाचा हे थोड्याच वेळात कोणालाच सांगता येईना. दुपारी खालच्या आळीचे रखमाजी आपण होऊन तेल घेऊन आले. त्यांना खरवडायचे नव्हते, म्हणे. जवळून नुसते बघायचे होते. बघता बघता त्यांनी परात धरली.

उन्हे कलताना शिळा मोकळी झाली. हातभर रुंद, छातीएवढी उंच, काळ्या दगडाची. माथ्याला चंद्र आणि सूर्य. खाली तीन खण. वरच्या खणात वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसला होता. मधल्या खणात एकटा वीर आणि त्याच्यावर चालून येणारे पाच भालेवाले. अगदी खालच्या खणात तो आडवा पडला होता, आणि त्याच्या पलीकडे गाई उभ्या होत्या, एकीमागे एक, शिंगे वर आणि तोंडे गावाकडे. इंद्रजीतने कडा तपासल्या, पाया तपासला, मागची बाजू बोटांनी चाचपली. अक्षर म्हणून कुठे नव्हते.

"नाव न्हाई?" सर्जेरावांनी विचारले.

"नाही, काका."

"मग त्यो कुनाचा?"

आता गुरुजी बोलले. "कोणाचा ते या दगडाला सांगायचे नव्हते. पाथरवटाला हात होते, छिन्नी होती, जागाही होती. त्याने पागोटे कोरले, कट्यार कोरली, गाईच्या गळ्यातली घंटादेखील कोरली. घराणे कोरले नाही. गावाचे गोधन कोणी वळवून नेले, हा मागे धावला, गाई परत आल्या आणि हा आला नाही. एवढेच गावाला सांगायचे होते. आता या गाई नीट पाहा. कोणाच्या आहेत?"

दोन्हीकडचे लोक वाकून पाहू लागले.

"वरच्या आळीच्या की खालच्या? तो धावला तेव्हा त्याने विचारले नाही. या राज्यात असे वीरगळ गावोगाव उभे आहेत, आणि पंचाहत्तर वर्षांपूर्वी जे स्वातंत्र्य आले, तेही अशाच माणसांनी आणले. त्यांतल्या कितीकांची नावे आपल्याकडे नाहीत. ते तुरुंगात गेले तेव्हा सुटून येऊन अमक्याच आळीला सुख देऊ, असे कोणी ठरवून गेले नव्हते. त्यांचा दिवस साजरा करायचा म्हणजे त्यांच्यावर आपले नाव चढवायचे नाही. त्यांनी कोणासाठी केले, ते ओळखायचे."

सर्जेराव खाली बसले. गुडघे दुखत असतानाही ते उकिडवे बसले, आणि त्यांनी त्या खालच्या खणातल्या गाईंवरून अंगठा फिरवला. एक, दोन, असे करत ते शेवटच्या गाईपर्यंत आले. मग ते रखमाजींकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि त्यांनी ते लपवले नाही.

"रखमाजी," ते म्हणाले, "आपुन याच्या घरातले हाय का न्हाई, देव जाणे. पर ह्या गाई ज्यांच्या गोठ्यात परत आल्या, त्यांच्या घरातले तर आपुन दोघंबी हाय."

रखमाजींनी परात खाली ठेवली आणि सर्जेरावांना हात देऊन उठवले.

त्याच जागी इंद्रजीतने तक्ता गुडघ्यावर घेतला. नावाच्या रकान्यात त्याने लिहिले, 'ठाऊक नाही.' कार्याच्या रकान्यात लिहिले, 'गावाची गुरे परत आणली.' घराण्याचा रकाना आला तेव्हा त्याने काकांकडे पाहिले.

"लिही," सर्जेराव म्हणाले, "समदं गाव."