केरबा गेम खेळायला शिकला

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव केरबा. मनानं सोनं, कामाला वाघ. फक्त त्याला काही सांगायचं तर जपून सांगावं लागायचं, कारण सांगितलेलं तो खरंच करायचा.

एकदा त्याची बायको सारिका बाजाराला निघाली. जाता जाता म्हणाली, "पाहुणे आले तर घर आपलंच समजा म्हणावं." दुपारी गिरणीवाल्याचा साडू आला. केरबा म्हणाला, "घर आपलंच समजा." साडू पलंगावर आडवा झाला. केरबानं विचार केला, घर ह्यांचं झालं, आता आपलं इथं काय काम? सारिका परत आली तेव्हा साडू आत घोरत होता आणि केरबा अंगणात पोतं अंथरून बसला होता.

"हळू बोल," तो तिला म्हणाला. "मालक झोपलेत."

सारिकानं बॅग भरली आणि तडक माहेर गाठलं.

आता केरबाला ते घर खायला उठलं. सारिकाशिवाय त्याला घास जाईना. शेवटी तो सासुरवाडीला जाऊन उभा राहिला. सारिकानं दारातच सांगितलं, "आमचे आबा ज्या दिवशी तुम्हाला शहाणा म्हणतील, त्या दिवशी मी येते. तोवर नाही."

शहाणा व्हायचं कसं, हे काही केरबाला कोणी सांगेना. पण त्याचा मेहुणा उत्तम याच्याकडे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन होतं. उत्तम म्हणाला, "दाजी, खेळायला बसा. डोकं चालायला लागतं." केरबा लगेच मांडी घालून बसला.

पहिल्या गेममध्ये एक तलवारवाला गडी होता. उत्तम म्हणाला, "मडकं दिसलं की फोडायचं. आत नाणी असतात." केरबानं मनापासून मडकी फोडली. नाणी निघाली. गडी खूश, केरबा खूश.

जेवणाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तेवढी लोणच्याची बरणी आणता का?" केरबा आत गेला. आतून मोठा आवाज झाला. सासूबाई धावल्या. वर्षाचं लोणचं जमिनीवर होतं आणि केरबा त्यात बोटं घालून शोधत होता.

"मामी, ह्यात नुसत्याच फोडी आहेत," तो म्हणाला.

सासऱ्यांनी, म्हणजे सारिकाच्या आबांनी, कपाळाला हात लावला. "अहो, दुसऱ्याच्या वस्तूला काही करायच्या आधी विचारावं."

केरबानं ते गाठीला बांधलं. संध्याकाळी उत्तमनं फुटबॉलचा गेम लावला. समोरचा गडी चेंडू घेऊन पळत आला. केरबा टीव्हीजवळ वाकून म्हणाला, "भाऊ, चेंडू घेऊ का?" भाऊ काही बोलला नाही. गोल झाला. केरबानं पुन्हा विचारलं. पुन्हा गोल झाला. उत्तमला घाम फुटला.

"दाजी, विचारत काय बसता? आणि चेंडू आपल्याकडं आला की ठेवून घ्यायचा नाही. लगेच जवळच्याला द्यायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू आल्या. कडेवर त्यांचा तान्हा नातू. "जरा धरता का ह्याला? सारिकाकडून विरजण घेऊन येते." बाळ केरबाकडं आलं. केरबानं ते लगेच भाजीवालीला दिलं. भाजीवालीनं गोंधळून पुढच्या दारातल्या मावशीला दिलं. काकू विरजण घेऊन बाहेर आल्या, तर केरबा रिकामा.

"बाळ कुठंय?"

"चाललंय पुढं. आज गोल होणार बघा."

सगळी आळी धावली. बाळ देवळाशेजारी पुजाऱ्याच्या मांडीवर सापडलं, साखरफुटाणा चोखत. सारिका दाराआड तोंड लपवून रडली. सासरे मात्र आता खरंच तापले. "एक लक्षात ठेवा. हातात दिलेली वस्तू सोडायची नाही. आभाळ कोसळलं तरी सोडायची नाही."

दुपारी टीव्ही दिसेना. सासरे छपरावरची छत्री फिरवायला शिडीवर चढले. खाली उत्तम आणि केरबा शिडी धरून उभे. सासऱ्यांचा धक्का वळचणीतल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागला. पोळं उठलं. उत्तम शिडी टाकून पळाला. शेजारीपाजारी पळाले. आळीतलं कुत्रंसुद्धा पळालं. केरबाच्या नाकाला माशी चावली, कानाला चावली, पण हातात दिलेली शिडी त्यानं काही सोडली नाही. सासरे सुखरूप खाली उतरले. जावयाचं भोपळ्याएवढं झालेलं तोंड बघून त्यांना गहिवरून आलं.

"सख्खा पोरगा पळाला," ते म्हणाले, "पण हा माणूस हलला नाही. शहाणा आहे हो माझा जावई."

सारिकानं ऐकलं आणि बॅग भरायला घेतली. केरबाच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, आनंदाचं.

बॅग भरेपर्यंत काय करायचं? उत्तमनं जोडीनं खेळायचा गेम लावला. एक गडी केरबाचा, एक उत्तमचा. उत्तमचा गडी मागं राहिला की केरबा थांबायचा. थांबला की मागून राक्षस यायचा आणि दोघंही मरायचे.

उत्तम म्हणाला, "दाजी, जोडीदारासाठी थांबायचं नाही. थांबलं की दोघंही मेलो. तुम्ही आपलं पुढं चालायचं. तुम्ही लांब गेलात की मागचा आपोआप तुमच्या शेजारी येतो."

केरबानं करून बघितलं. खरंच, उत्तमचा गडी टुणकन शेजारी आला.

मग निघायची वेळ झाली. सासूबाईंनी सारिकाची ओटी भरली. दोघं फाट्यावर येतात न येतात तोच एसटी आली. तेवढ्यात सारिकाला तिची बालमैत्रीण भेटली. मैत्रिणीनं तिला कुंकू लावलं, हातात पेरू दिले, गळ्यात पडली. केरबानं क्षणभर मागं बघितलं, आणि तो चढला. एसटी सुटली.

"किती?" कंडक्टरनं विचारलं.

"दोन."

"दुसरं कोण?"

"बायको. येईल आता शेजारी."

केरबानं शेजारची जागा हात ठेवून राखली. उभ्या प्रवाशांनी शिव्या घातल्या, पण तो ढिम्म. गाव जवळ आलं तसा फोन वाजला. सारिका होती. आवाज रडवेला.

"अहो, कुठं आहात? मी इथं फाट्यावर उभी आहे."

"अजून तिथंच?" केरबाला तिची फार दया आली. "मग मी पुरेसा लांब आलो नाही. काळजी करू नकोस गं. आणखी पुढं जातो."

"पुढं नका जाऊ. थांबा."

"थांबू?" केरबा घाबरला. "थांबलं की दोघंही मरतो, सारिका. तुझ्याच भावानं सांगितलंय."

आपलं गाव आलं. केरबा उतरला नाही. त्यानं पुढची दोन तिकिटं काढली. डेपोत गाडी बदलली, पुन्हा दोन काढली. घाट उतरला. काल त्याचा मला पणजीहून फोन आला होता. म्हणाला, दोन चहा सांगून बसलोय, अजून ही शेजारी आली नाही, आणि इथून पुढं तर समुद्रच आहे. तेव्हा सारिकाला जरा विचारून सांगा, तिला पोहता येतं का?