बिनउंबरठ्याची वकिलात

किवुंजे बंदरावर उतरलं की समोरच प्रवाळी दगडाची एक दुमजली इमारत दिसते. चौकट शिसवी, कोरीव. दारावर मुठीएवढे पितळी खिळे. खाली मात्र उंबरठा नाही. दोन्ही बाजूंच्या खाचा रिकाम्या आहेत आणि किनाऱ्याची वाळू सरळ आत शिरते. आफ्रिकेच्या ह्या किनाऱ्यावर सुलतानाचं राज्य होतं तेव्हा इथे इंग्रजांची वकिलात होती.

समोरच्या ओळीत शांतारामशेटचं दोरखंड-कंदिलांचं दुकान आहे. कुणी पायरीशी आलं की म्हातारा आधी मनगट धरून आत ओढतो, बाकावर बसवतो, हातात शहाळं देतो. नावगाव मागाहून. परवा रत्नागिरीकडची पाच मंडळी आली, त्यांतल्या एक बाई दचकल्याच.

"घाबरू नका हो ताई," शेट हसून म्हणाले. "ह्या गावात माणूस असंच आत घेतात. मीच नाही, मासेवालीसुद्धा. का ते ऐका. शहाळं संपेपर्यंत गोष्ट होईल."

गोष्ट भिकाजी मयेकराची. मूळचा मालवणचा. इंग्रजी, गुजराती आणि इथली स्वाहिली, तिन्ही फर्डी यायची, म्हणून वकिलातीत कारकून झाला. ती नोकरी त्याला लावून दिली गणशेट नार्वेकराने. गणशेट म्हणजे बंदरातला मोठा व्यापारी, लवंगांचा. दर रविवारी भिकाजी त्याच्या घरी जेवायचा, सोलकढी पिऊन तिथेच ओसरीवर लवंडायचा. परमुलखात आणखी काय हवं?

आता त्या वेळचा कायदा ऐका. हिंदी व्यापारी इंग्रजांची प्रजा, तेव्हा त्यांना गुलाम ठेवायला बंदी. त्यांचा गुलाम वकिलातीत पोचला की सुटला. पण सुलतानाच्या माणसाचा गुलाम आला, तर वकिलाने तो परत करायचा, असा करार. म्हणून टॅल्बट नावाच्या वकीलसाहेबाने नेम घालून दिला होता : येणाऱ्याला उंबरठ्याबाहेर उभं करायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या. नाव काय? धनी कोण? धनी कुणाची प्रजा? वहीत उतरलं, की मगच पाऊल आत. "माझा झेंडा ह्या लाकडापासून सुरू होतो," साहेब म्हणायचा.

वकिलातीच्या दाराबाहेरच्या रांजणात रोज पाणी भरायला माबरुका नावाची बाई यायची. गणशेटच्या घरची गुलाम. लोकांत तो तिला मोलकरीण म्हणायचा. पाच वर्षं ती भिकाजीची थट्टा करत आली होती. त्याला म्हणायची करानी, म्हणजे कारकून. "करानी, तुझी लेखणी चालते त्यापेक्षा माझं गाढव बरं चालतं!" आणि भिकाजी हसायचा. ती कुणाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिने सोडवा म्हटलं नाही, ह्यानेही तो विषय काढला नाही.

एका दुपारी ती हंडा न घेता धावत आली. गणशेटने तिला विकलं होतं, गलबत भरतीला सुटणार होतं. दाराशी येऊन ती धापा टाकत उभी राहिली. भिकाजीने वही उघडली.

"नाव?"

ती हसली म्हणे. "अरे करानी, विसरलास?"

"नाव सांग. नेम आहे."

"माबरुका."

त्याने लिहिलं. मग म्हणाला, "धनी कोण?"

इथे तो अडला, असे सांगतात. उत्तर त्याला माहीत होतं. पण ते आपल्या हाताने वहीत लिहायचं म्हणजे ज्याचं अन्न खाल्लं त्याला साहेबापुढे उभं करायचं. तिने दुसरंच कुणाचं नाव घ्यावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. तिने नाव बरोबर सांगितलं. त्याने टाक दौतीत बुडवला, निथळला, पुन्हा बुडवला. तेवढ्यात गणशेटची चार माणसं आली. मागून गणशेट स्वतः, छत्री घेऊन.

"भिकाजी, घरचा माणूस आसा," गणशेट गोडीने म्हणाला. "घराक न्हेतंव."

तिने चौकट धरली होती. बोटं एकेक करून सोडवली. भिकाजी वही धरून उभाच. वरून साहेबाने पाहिलं आणि म्हणाला, "बाहेर आहे, माझा हात पोचत नाही."

तिसऱ्या दिवशी भरतीने तिला परत आणलं. वकिलातीसमोरच. पायात बेडी होती. उडी मारली की ढकलली, कुणी सांगितलं नाही.

भिकाजीने तिला वाळूत पुरलं. मग करवत आणून उंबरठा कापला. साहेब ओरडला, "माझा झेंडा कुठून सुरू होतो, ते लोकांना कसं कळणार?" भिकाजी म्हणाला, "नाही कळलं तर बरंच." त्याची नोकरी गेली. तो दाराबाहेर वाळूतच बसू लागला. इथे जो येईल त्याला आधी आत ओढीन, नाव विचारणार नाही, ही त्याची शपथ. रविवारी गणशेटकडून निरोप यायचा. तो जायचा नाही.

वर्षभराने सुलतानाच्या सरदाराचा एक गुलाम धावत आला, मागे तलवारी घेतलेले शिपाई. भिकाजीने त्याचं मनगट पकडलं आणि त्याला आत लोटलं. तो आत, भिकाजी बाहेर, मध्ये फक्त हात. शिपायाने म्हटलं, त्याला बाहेर सोड. भिकाजीने सोडला नाही. तलवार कोपराखाली बसली. हात तुटला, पण पकड सुटली नाही म्हणे. तुटलेला पंजा त्या माणसाच्या मनगटाला तसाच धरून होता.

साहेब धावत खाली आला. सवयीने म्हणाला, "ह्याचा धनी कोण?"

"विचारू नका साहेब," भिकाजी वाळूत पडल्या पडल्या म्हणाला. "विचारलंत तर लिहावं लागेल. लिहिलंत तर परत द्यावं लागेल."

साहेबाने पुन्हा विचारलं नाही. भिकाजी दोन दिवसांनी गेला. वाचलेल्या त्या माणसाच्या मनगटावर पाच बोटांचे व्रण मरेपर्यंत होते, असे सांगतात.

नंतर सुलतान गेला, वकीलही राजधानीत गेला. नवा उंबरठा दोनदा बसवला, दोन्ही वेळा गावाने रातोरात काढून टाकला.

मघा दचकलेल्या बाईंनी विचारलं, "आणि गणशेटचं काय झालं?"

"काही नाही. पिकल्या वयात गेला, घरच्या पलंगावर. मुलंबाळं झाली, धंदा वाढला." शांतारामशेटनी रिकामी शहाळी उचलून टोपलीत टाकली. "आता सांगा, नाव काय आपलं?"

बाईंनी सांगितलं. मग रीतीप्रमाणे त्यांनीही विचारलं, "आणि आपण?"

"नार्वेकर," शेट म्हणाले. "गणशेट माझे खापरपणजोबा."

आजही किवुंज्यात आधी आत घेतात आणि नाव मागून विचारतात. परक्यांना ती पाहुणचाराची रीत वाटते. आजही त्या गावात नार्वेकरांची सात घरं आहेत, आणि सातही घरांतली माणसं दुसऱ्याच्या दारी गेली, की गाव त्यांचंही मनगट धरून त्यांना आत ओढतं.