धुराचा मान

पूर्वी वेत्रवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी एका लाकडाच्या वखारवाल्याच्या कुळात जन्म घेतला होता. राजा मनाचा चांगला, पण त्याच्या डोक्यात एक खूळ बसलं होतं. ज्याच्या घरातून धूर जास्त, त्याच्याकडे रांधणं जास्त, म्हणून तो माणूस मोठा. दरबारातल्या बैठका त्याच हिशोबाने मांडलेल्या. मग काय विचारता! घरात आमटी शिजो न शिजो, लोक ओली लाकडं पेटवून बसत. वंदन करताना निम्मे दरबारी खोकत आणि राजाला वाटे, आदराने कंठ दाटून आला.

राजाची एकुलती एक लेक उत्पला. तिला श्वास पुरेना. राजवैद्याने धुरी द्यायला सांगितली. धुरीने खोकला वाढला, तशी त्याने धुरीही वाढवली. पोर सुकत चालली. राजा उशाशी बसून रडे. रात्रंदिवस तिच्या खोकल्याकडे कान लावायची त्याला सवयच झाली होती.

बोधिसत्त्वांना हे पाहवेना. ओल्या लाकडावरच त्यांची वखार भरभराटीला आली होती आणि दरबारात पहिली बैठक मिळाली होती, तरी त्यांनी ते विकणं बंद केलं. सरपण उन्हात खडखडीत वाळवलं आणि घरी बंदिस्त चूल घालून तिला धुरांडं काढलं. धूर जवळजवळ दिसेनासा झाला.

झालं! वखारवाल्यांची चूल विझली, असा गावभर बोभाटा झाला. शेजारणी डोळे पुसत भाकऱ्या घेऊन आल्या. बोधिसत्त्वांनी त्यांनाच पानावर बसवून गरम भात वाढला. दरबारात मात्र त्यांची पहिली बैठक गेली आणि दाराशी काढलेल्या जोड्यांपाशी जागा मिळाली. ते तिथेही मजेत बसले.

राजालाच वाईट वाटलं. धान्याची गोणी घेऊन तो त्यांच्या घरी सांत्वनाला निघाला. उत्पला त्याला सोडेना, म्हणून तिलाही घेतलं. पाहतो तो काय, पंगत बसलेली, पदार्थांचा घमघमाट सुटलेला आणि धुराचं नाव नाही. राजा आ वासून चूल न्याहाळत राहिला. मग एकाएकी त्याच्या लक्षात आलं, की मागे खोकला ऐकू येत नाही. वळून पाहिलं, तर लेक चटईवर निपचित पडलेली. राजाने हंबरडाच फोडला.

उत्पलाने डोळे उघडले. "बाबा, ओरडू नका ना. किती दिवसांनी झोप लागली होती."

बोधिसत्त्व हळूच म्हणाले, "महाराज, मुलीला औषध नको. हवा द्या."

राजाने महालातली धुरी स्वतःच्या हातांनी विझवली. नगरात वाळलेलं सरपण आणि धुरांड्याच्या चुली आल्या. ज्याच्या घरावर आभाळ निळं, त्याला पहिली बैठक, असा नवा नियम झाला. त्या मानासाठी काही जणांनी स्वयंपाकच बंद केला. त्यांना बोधिसत्त्वांनी आपल्या घरी जेवू घातलं.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, तेव्हा भिक्खू पुण्णक डास घालवायला ओला पाला पेटवून सगळ्या विहाराला रडवत होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजवैद्य हा पुण्णक. राजा होता आनंद, उत्पला होती भिक्खुणी सोमा आणि वखारवाला मी स्वतः." दुसऱ्याला सुखाने श्वास घेता यावा म्हणून आपला नफा आणि मान हसत सोडणं, हीच करुणा.