साहेबांचा उखाणा

यशोधन रणनवरे म्हणजे तालुक्यातला चढता नेता. संस्कृतीचं नाव घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. हिवरतळ्याच्या ग्रामसभेला साहेब आले ते सिमेंट कंपनीच्या गाडीतून, कंपनीच्या मॅनेजरला शेजारी बसवून; सभेचा मांडवही कंपनीनेच घातला होता. पलीकडच्या गावची टेकडी साहेबांच्याच शब्दावर कंपनीने गिळली होती. आता हिवरतळ्याच्या गायरानाची पाळी होती.

साहेब बराच वेळ रीतभातीवर बोलले. सुनांनी पदर ढळू देऊ नये म्हणाले. मग हळूच म्हणाले, "गायरान द्यायला हात वर करा."

गावातली सारजाक्का शेरडं पाळायची. तिच्या शेरडांना दुसरं रान नव्हतं. ती पदर सावरून उठली.

"साहेब, आमच्यात नवी सून उंबऱ्यात उखाणा घेते. तुम्ही पहिल्यांदाच आलात, तेवढी रीत पाळा."

साहेब हसले. "अक्का, मी कुणाचं नाव घेऊ?"

"ज्याच्या घरी नांदता त्याचं. गाडी त्यांची, मांडव त्यांचा, मग नाव घ्यायला लाजता कशाला?"

साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर मात्र नवरदेवासारखे मान खाली घालून बसले. गायरानासाठी एकही हात वर गेला नाही. सगळ्यांचे हात पोट धरून हसण्यात गुंतले होते.